कोच म्हणाले पोरगा चारशे वीस आहे, हे कौतुक की शिवी?

मालक, तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो, माफ करा. थोडक्यात असं की तुमचा मुलगा शाळेच्या बेसबॉल टीममध्ये खेळतो, कोचनं फोनवर "तुमचा पोरगा चारशे वीस आहे" म्हणून सांगितलं, तुम्ही भडकला, मग कळलं की ते ऑन-बेस पर्सेंटेजबद्दल बोलत होते. मग तुम्ही स्कोअरशीटचा फोटो मागवून घरी हिशेब केला तर तुमचा आकडा आला .६३२, आणि तुमच्या मेव्हण्यानं केला तर .४०४. तीन माणसं, तीन आकडे. आणि वर तुमची तक्रार अशी की दुसऱ्या एका पोराचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज .३३३ असताना .२६३ वाल्या तुमच्या पोराला कोच पहिल्या नंबरवर का पाठवतात, काही गडबड आहे का.

गडबड काही नाही. कोचचा आकडा बरोबर आहे, .४२० च येतो. मी गेली बावीस वर्षं सोलापुरात सॉफ्टबॉल-बेसबॉलचं स्कोअरिंग करतोय, पोरांना शिकवतोय पण, आणि खरं सांगतो ह्या एका आकड्यावरून जेवढी भांडणं मी मैदानाच्या कडेला बघितलीत तेवढी अंपायरच्या निर्णयावरून पण नाही बघितली. तर निवांत सांगतो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे नाव पर्सेंटेज असलं तरी हा आकडा शंभरात सांगत नाहीत. .४२० म्हणजे शंभरात बेचाळीस, पण बेसबॉलवाले तीन घरं लिहितात, पुढचा शून्य खाऊन टाकतात आणि "चारशे वीस" असंच वाचतात. अमेरिकेत पण तसंच वाचतात. त्यांच्याकडे चारसोबीस म्हणजे फसवा असा अर्थ नाही एवढंच, म्हणून तिकडे कुणाचे वडील भडकत नाहीत.

आता आकडा सांगतो काय. तर बॅटर प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, गेल्यावर आउट न होता स्वतःच्या जोरावर बेसवर किती वेळा पोचला, बास. त्यात "स्वतःच्या जोरावर" हे महत्त्वाचं, पुढे येतोच त्यावर. हिशेब असा:

वर (अंश): हिट + वॉक + हिट बाय पिच
खाली (छेद): अ‍ॅट बॅट + वॉक + हिट बाय पिच + सॅक्रिफाइस फ्लाय

हिट म्हणजे बॉल मारून स्वतःच्या जोरावर गाठलेला बेस. अ‍ॅट बॅट म्हणजे ज्या वेळी हिट मारला, साधा आउट झाला किंवा समोरच्याच्या चुकीनं पोचला ती वेळ, आणि बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट भागिले अ‍ॅट बॅट. मारता येईल अशा हद्दीतला बॉल म्हणजे स्ट्राइक, तीन झाले की आउट. वॉक म्हणजे पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं, त्या हद्दीबाहेर चार बॉल टाकले की फुकट मिळालेला पहिला बेस. हिट बाय पिच म्हणजे आपल्याकडे पोरं ज्याला डेड बॉल म्हणतात ते, पिचरचा बॉल अंगाला लागला की चला पहिल्या बेसवर. हे दोन्ही अ‍ॅट बॅटमध्ये धरत नाहीत, म्हणून खाली वेगळे मिळवावे लागतात. लोकांची पहिली चूक इथंच होते, तुमची पण इथंच झालीय.

तुम्ही पाठवलेलं शीट मी लावून बघितलं. पोरगा एकूण ५२ वेळा प्लेटवर गेला. त्यातले अ‍ॅट बॅट ३८, वॉक ९, अंगाला बॉल लागला २ वेळा, सॅक फ्लाय १, सॅक्रिफाइस बंट २ (हे दोन काय ते पुढे सांगतो). बेरीज करा, ५२ येतात. शीट तपासायची पहिली युक्ती हीच, ही बेरीज जुळली नाही तर पुढचं काही करूच नका, आधी स्कोअररला पकडा. हिट १०. शिवाय समोरच्या टीमच्या चुकीमुळं म्हणजे एररवर ३ वेळा बेसवर पोचला, ते तीन ह्याच ३८ अ‍ॅट बॅटच्या आत आहेत.

आता वर १० + ९ + २ = २१. खाली ३८ + ९ + २ + १ = ५०. एकवीस भागिले पन्नास, .४२०. झालं.

तुम्ही काय केलं, तर वर एररचे ३ पण घेतले म्हणजे २४ झाले आणि खाली नुसते ३८ घेतले. वॉक वर घेतला आणि खाली घेतलाच नाही. असं केलं तर एखाद्या पोराचा आकडा एकच्या वर पण जाईल, चार अ‍ॅट बॅट आणि पाच वॉक असले की बसा बोंबलत. मेव्हण्यांनी उलटं केलं, २१ ला सरळ ५२ नं भागलं. त्यांचं डोकं बरोबर चाललं होतं खरं तर, जेवढ्या वेळा गेला तेवढ्यानं भागा, पण त्यात ते दोन सॅक्रिफाइस बंट आले आणि ते खाली घ्यायचे नसतात.

का घ्यायचे नसतात? तुमचा टॉवेलचा धंदा आहे म्हणालात ना, मग त्याच भाषेत सांगतो. मागावरून माल उतरला, त्यातले किती नग चांगले आणि किती रिजेक्ट हे तुम्ही मोजता. आता गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून तुम्ही स्वतः सांगून दोन नग कापले, तर ते कारागिराच्या रिजेक्टमध्ये धराल का? नाही ना. सॅक्रिफाइस बंट तसंच आहे. कोच खुणेनं सांगतो की बॉल हळूच टेकव, तू आउट झालास तरी चालेल, बेसवरचा रनर पुढं सरकू दे. पोरानं सांगितलेलं काम केलं, त्याची शिक्षा त्याला कशाला, म्हणून बंट वर पण नाही आणि खाली पण नाही.

मग सॅक फ्लाय खाली का घेतात, तिथं पण रनर होमला येतोच की? हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. कारण असं मानतात की सॅक फ्लायला पोरगा आउट व्हायला गेलेला नसतो, तो मारायला गेलेला असतो, बॉल उंच गेला, आउटफिल्डरनं पकडला, आणि तिसऱ्या बेसवरचा रनर पळत येऊन रन झाला. रन मिळाला म्हणून बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये त्याला सूट देतात, अ‍ॅट बॅट धरत नाहीत, पण बेसवर पोचला का, तर नाही पोचला, म्हणून ऑन-बेसमध्ये तो मोजतात. मला स्वतःला हे थोडं दुटप्पी वाटतं, पण नियम आहे तो आहे. ह्याच्यामुळं एक गंमत होते, ऑन-बेसचा आकडा बॅटिंग अ‍ॅव्हरेजपेक्षा कमी पण येऊ शकतो. तीन अ‍ॅट बॅट, एक हिट, एक सॅक फ्लाय, वॉक नाही. अ‍ॅव्हरेज .३३३ आणि ऑन-बेस .२५०. लोक म्हणतात स्कोअरर चुकला, अहो नाही चुकला.

आता एरर. तुमच्या पोरानं बॉल जमिनीवरून मारला, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या) पायातून गेला, पोरगा बेसवर. तुम्ही म्हणणार पोचला की बेसवर! पोचला, पण समोरच्यानं नीट काम केलं असतं तर आउट होता असं स्कोअरर ठरवतो, म्हणून हिशेबात तो आउट झाल्यासारखाच धरतात, अ‍ॅट बॅट लागतो, हिट नाही. फिल्डर्स चॉइसचं पण तेच. पहिल्या बेसवर रनर आहे, ह्यानं ग्राउंडर मारला, शॉर्टस्टॉपनं सेकंड बेसला टाकून पुढच्या रनरला आउट केलं आणि आपला हिरो पहिल्या बेसवर सुखरूप उभा. दिसायला बेसवर आहे पण त्याच्या माराची किंमत टीमनं एक आउट देऊन चुकवलीय. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातातून सुटला आणि पोरगा पळून बेसवर गेला, तिथं पण कागदावर स्ट्राइकआउटच.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण ह्याच चुकीनं मी स्वतः तोंडावर पडलोय. नवीन होतो, कुणी नीट शिकवलं नव्हतं, माझी समजूत साधी, पाय बेसवर म्हणजे ऑन-बेस. एका निवडीसाठी पोरांची यादी करायला सांगितली आणि मी एरर, फिल्डर्स चॉइस, सुटलेला स्ट्राइक सगळं वर मिळवून यादी लावली. त्यात एक पळायला चपळ पोरगा सगळ्यात वर आला आणि एक शांत, बॉल बघून सोडणारा पोरगा खाली गेला, त्याचं नाव कटलं. पुढं एका म्हाताऱ्या स्कोअररनं हुतात्मा चौकात चहा पिता पिता माझी वही चाळली आणि म्हणाला, "काय बे, हे कुठलं गणित?" तोवर टीम जाऊन पण आली होती. तो कटलेला पोरगा आता दोन लेकरांचा बाप आहे, रस्त्यात दिसला की आजही मीच आधी नजर चुकवतो.

बरं, आता तुमचा खरा मुद्दा, .२६३ वाला पहिला कसा.

इथं आपल्या क्रिकेटच्या डोक्यानं घोळ होतो. क्रिकेटमध्ये वाइड पडला तर रन टीमच्या खात्यात जातो, बॅट्समनच्या नावावर काही लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की वॉकमध्ये पोरानं काय केलं, बॉलरनं घाण टाकली एवढंच. पण टेस्टमध्ये ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडणाऱ्या ओपनरला आपण टेक्निक म्हणून मान देतोच की. वॉक हे त्याच सोडण्याचं बक्षीस आहे, फक्त बेसबॉलनं ते रोख द्यायचं ठरवलंय. आणि दुसरं, क्रिकेटमध्ये एक बॅट्समन आउट झाला की तो संपला. बेसबॉलमध्ये तोच पोरगा परत चार-पाच वेळा येतो, पण टीमकडे आउट मोजके, नऊ इनिंगला सत्तावीस, शाळेच्या मॅच बऱ्याचदा त्याच्याहून छोट्या असतात मग अजून कमी. सत्तावीस आउट म्हणजे टीमच्या खिशातले पैसे आहेत असं समजा, संपले की गुमान उठायचं. मग कोण कमी खर्च करतो हे बघायला नको का?

तो .३३३ वाला बघू. ५० वेळा प्लेटवर, अ‍ॅट बॅट ४५, हिट १५, वॉक फक्त १, अंगाला बॉल शून्य, सॅक फ्लाय २, बंट २. ऑन-बेस किती? वर १६, खाली ४८, परत .३३३ च! एका वॉकनं जे कमावलं ते दोन सॅक फ्लायनी खाल्लं. म्हणजे तुमचा पोरगा पन्नासात एकवीस वेळा बेसवर आणि तो अठ्ठेचाळीसात सोळा वेळा. पहिल्या नंबरवर कोण पाहिजे? ज्याचं काम फक्त बेसवर उभं राहायचं तो. कोच शहाणा माणूस आहे.

पण थांबा, लगेच पेढे वाटू नका. ऑन-बेसचा एक मोठा दोष असा की त्याला वॉक आणि होमरन सारखेच, दोन्ही एकच. त्या दुसऱ्या पोराच्या १५ हिटमध्ये ९ सिंगल, ४ डबल, २ होमरन आहेत, तुमच्याच शीटवर आहे बघा. सिंगलला एक बेस, डबलला दोन, होमरनला चार असे बेस मोजले तर ९ + ८ + ८ = २५, भागिले ४५ अ‍ॅट बॅट, .५५६, ह्याला स्लगिंग म्हणतात. तुमच्या पोराच्या १० हिटमध्ये ८ सिंगल आणि २ डबल, बारा बेस, भागिले ३८, .३१६. दोन्ही आकड्यांची बेरीज करतात त्याला ओपीएस म्हणतात, तुमच्याचा .७३६ आणि त्याचा .८८९. म्हणजे एकूण बॅटर म्हणून तोच पोरगा भारी आहे, मान्य करा. म्हणूनच कोच त्याला चौथ्या नंबरवर घालत असणार, आधी तुमच्या पोरासारखे बेसवर भरायचे आणि मग त्यानं मारायचं. दोघांची भांडणं लावू नका, दोघं एकमेकांच्या कामाचे आहेत.

अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, हे कळायला पण लई वर्षं लागली बरं का. १८८७ मध्ये त्यांनी एका सिझनपुरतं वॉकला हिटच धरलं होतं, अ‍ॅव्हरेज असले फुगले की पुढच्याच वर्षी गुंडाळलं. मग ब्रँच रिकी, म्हणजे जॅकी रॉबिन्सनला (आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू) १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळवणारा तोच माणूस, त्यानं अ‍ॅलन रॉथ नावाचा आकडेवाला पगारावर ठेवला आणि ह्या जोडीनं १९५० च्या दशकात सांगायला सुरुवात केली की अ‍ॅव्हरेज सोडा, बेसवर किती पोचतो ते बघा. ऐकलं कुणी? मेजर लीगनं हा आकडा अधिकृत केला १९८४ मध्ये. आणि पैसे ओतायला लागले ते तर अजून उशिरा. २००२ मध्ये ओकलंडच्या टीमकडं पैसा कमी, त्यांनी असे खेळाडू उचलले ज्यांचं ऑन-बेस चांगलं पण बाजारात भाव नाही, त्यात स्कॉट हॅटेबर्ग नावाचा कोपर दुखावलेला कॅचर होता, त्याला फर्स्ट बेसवर उभा केला. त्या वर्षी त्याचं अ‍ॅव्हरेज .२८० आणि ऑन-बेस .३७४. सलग वीस मॅच जिंकले, आणि विसावी ह्याच पठ्ठ्याच्या होमरनवर. सिझनला १०३ विजय.

आकडा चांगला की वाईट कळायला अंदाज असा की मेजर लीगचं सगळ्यांचं मिळून सरासरी ऑन-बेस हल्ली .३१० ते .३२० च्या घरात असतं, .३५० च्या वर चांगला, .४०० च्या वर म्हणजे वरच्या ओळीतला. अख्ख्या करिअरचा रेकॉर्ड टेड विल्यम्सचा, .४८२. १९४१ ला त्यानं .४०६ अ‍ॅव्हरेज मारलं, ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच वर्षी त्याचं ऑन-बेस .५५३ होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बेसवर, हे मला जास्त भयंकर वाटतं. आणि एका सिझनचा रेकॉर्ड बॅरी बाँड्स, २००४. घ्या हिशेब करून बघा, सरावाला बरा आहे. अ‍ॅट बॅट ३७३, हिट १३५, वॉक २३२, अंगाला बॉल ९, सॅक फ्लाय ३. वर ३७६, खाली ६१७, उत्तर .६०९. त्या २३२ पैकी १२० वॉक समोरच्यांनी मुद्दाम दिलेले, नको बाबा ह्याला बॉल टाकायला म्हणून. मुद्दाम दिलेला वॉक पण हिशेबात वॉकच असतो.

आणि एक एडी गेडेल. १९५१ मध्ये सेंट लुइस ब्राउन्सच्या मालकानं तमाशा म्हणून तीन फूट सात इंचाचा माणूस बॅटिंगला पाठवला, पाठीवर नंबर एक अष्टमांश. एवढ्याशा माणसाला स्ट्राइक टाकणार कुठं, चार बॉल पडले, वॉक. परत कधी खेळू दिलं नाही. त्याचा ऑन-बेस आयुष्यभराचा १.००० आणि बॅटिंग अ‍ॅव्हरेज काढताच येत नाही कारण अ‍ॅट बॅट शून्य. वॉक अ‍ॅट बॅटमध्ये नसतो हे पोरांना शिकवायला मी दर बॅचला हीच गोष्ट सांगतो, एकदा ऐकली की कुणी विसरत नाही.

आता आपल्या लेव्हलला हा आकडा वाचताना डोकं वापरायला लागतं, हे कुठल्या पुस्तकात नसतं म्हणून सांगतो. शाळेच्या मॅचमध्ये पिचर कच्चे असतात, निम्मे बॉल प्लेटच्या बाहेर. जो पोरगा बॅट खांद्यावर ठेवून नुसता उभा राहतो त्याचं पण ऑन-बेस .४५० दिसतं. तोच पुढं राज्य पातळीला गेला, तिथला पिचर सरळ स्ट्राइक टाकतो, की तीन बॉलमध्ये घरी. म्हणून मी शीटच्या कडेला अजून एक गोष्ट लिहितो, बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक किती वेळा गेला. तुमच्या पोराचे तसे दोनच आहेत, म्हणजे तो बघून सोडतोय, घाबरून नाही. हे मला त्या .४२० पेक्षा जास्त आवडलं.

दुसरं, आपल्याकडे मैदानं. सोलापूरच्या होम मैदानासारख्या जमिनीवर बॉल कसा उसळेल देवाला माहीत, जानेवारीत तिथली गड्डा यात्रा (जत्रा) झाल्यावर तर खड्डे आणि खिळे वेचूनच प्रॅक्टिस सुरू करायची. मग एरर जास्त होतात आणि जोरात पळणारी पोरं एररवर सारखी बेसवर दिसतात. अधिकृत आकड्यात ते घ्यायचं नाही, पण मी शेजारी वेगळा कॉलम ठेवतो. तुमच्या पोराचे ३ धरले तर २४ भागिले ५०, .४८०. हा घरचा आकडा, खाजगीत ठेवा, कोचपुढं वाद घालायला वापरू नका.

तिसरं, तुम्ही खाली लिहिलंय की प्रत्येक मॅचचा आकडा काढून त्यांची सरासरी करता. ते बंद करा आजच्या आज. एका मॅचला दोनपैकी दोन, १.०००. दुसऱ्या मॅचला पाचपैकी एक, .२००. सरासरी .६०० येते, पण खरं तर सातपैकी तीन, .४२९. नेहमी कच्चे आकडे मिळवत जायचे आणि भागाकार शेवटी एकदाच.

आणि पन्नास वेळचा आकडा म्हणजे फार नाही, दोन मॅच वाईट गेल्या की घसरतो, चांगल्या गेल्या की उडतो. त्यावरून पोराला बोलू नका.

येत्या मॅचला तुम्हीच करून बघा. समजा चार वेळा गेला, एक वॉक, एक सिंगल, एक स्ट्राइकआउट आणि एक सॅक्रिफाइस बंट. वर २१ चे २३ होतील. खाली ५० चे किती? चोपन्न म्हणालात तर वरचं टॉवेलचं परत वाचा. त्रेपन्न. तेवीस भागिले त्रेपन्न, .४३४. मग निदान कोचचा फोन आला तर घरात कुणी भडकणार नाही.